हिराबायच्या ओटीवर किर्कुक

"कुठं दुखतंय?" हा प्रश्न मी अरबीतून हजारो वेळा विचारला असेन. त्याचं सरळ उत्तर फार थोड्या माणसांनी दिलं. एक निवृत्त, म्हणजे खरं तर घरी बसवलेला, इराकी फौजी अधिकारी आमच्याकडे पाठीच्या मणक्यासाठी आला होता. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासून आहे. तो म्हणाला, "ज्या दिवशी त्यांनी आमची फौज बरखास्त केली त्या दिवसापासून." मी तसंच मराठीत सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, साहेब, माझ्याकडे काय बघता, तो बोलतोय ते मी सांगतेय.

दुभाष्याचं काम हे असं असतं. मी मूळची नर्स. ऐंशीच्या दशकात, लग्नाआधी, चार पैसे बरे मिळतील म्हणून इराकला गेले आणि किर्कुक नावाच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली. तिथं बायकांच्या वॉर्डात राहून राहून जी अरबी आली ती पुस्तकातली नव्हे, चुलीपुढची. परत आले, लग्न झालं, मुलगी झाली, पनवेलच्या दवाखान्यांत नोकरी करून रिटायर झाले. तोवर ती भाषा माळ्यावरच्या पितळी भांड्यासारखी पडून होती. इराकमध्ये लढाई झाली, तिथले दवाखाने आणि डॉक्टर देशोधडीला लागले, आणि तिकडचे पेशंट आपल्याकडे यायला लागले. नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलला अरबी येणारं माणूस हवं होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. साठीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण तोंड चालतंय ना, म्हणून मला ठेवून घेतलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुभाषा म्हणजे इकडचे शब्द उचलून तिकडे ठेवणारा. तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं. पहिला नियम असा की जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. शिवी दिली तर शिवी सांगायची. डॉक्टर "बघू" म्हणाले तर "बघू"च सांगायचं, "होईल बरं" म्हणायचं नाही. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मी स्वभावाने तोंडाळ असल्यामुळे मला हे शेवटचं फार जड गेलं. नातेवाईक मात्र सर्रास मला कोपऱ्यात घेत आणि म्हणत, "हे तिला सांगू नका हं, बहिणाबाई." मी म्हणायची, मग माझ्यासमोर बोलू नका.

अरब लोक माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. खालिदचा बाप तो अबू खालिद, आई ती उम्म खालिद. थोरल्या मुलाचं नाव लागतं. मला एकच मुलगी, मेघना. तेव्हा मी उम्म मेघना झाले. आमच्या ह्यांना त्या हिशोबाने अबू मेघना म्हणायला हवं होतं, पण ते म्हणाले, मला माझं नाव पुरे आहे.

पेशंट हॉस्पिटलात थोडे दिवस असतो, पण तपासण्या, ऑपरेशन आणि नंतरचं दाखवणं धरून या लोकांना महिना-दोन महिने राहावं लागे. हॉटेल परवडायचं नाही. त्यांची सोय खांदा कॉलनीच्या कडेला हिराबायच्या बिल्डिंगीत व्हायची. हिराबाय आगरी, वय माझ्याएवढंच, नऊवारी आणि वर डोळ्याला सोनेरी काडीचा चष्मा. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली. तिच्या बदल्यात सरकारने साडेबारा टक्क्यांचा प्लॉट दिला, त्यावर मुलाने तीन मजले चढवले. खाली हिराबाय, वर पेशंट. मला पहिल्याच भेटीत तिने विचारलं होतं, "सिस्टर, तुमी कुठल्या सेक्टरात रावता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमचा किचन हाय ना, तिथं आमच्या शेताचा बांध होता." एवढं बोलून तिने मला पोहे दिले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण त्यानंतर कितीतरी दिवस फोडणी घालताना मला तो बांध आठवायचा.

आता किर्कुकचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या गावाखाली तेल आहे, म्हणजे भांडणाला कारण आहे. कुर्द म्हणतात गाव आमचं, अरब म्हणतात आमचं, तुर्कमान म्हणतात दोघांच्या आधी आम्ही. जुन्या राजवटीने तिथून कुर्दांना हुसकावलं आणि दक्षिणेतून अरब कुटुंबं आणून, घर नि पैसे देऊन त्यांच्या जागी वसवली. लढाईत ती राजवट गेली. कुर्द परतले, बंदोबस्तही बऱ्याच अंशी त्यांच्या हातात आला. मग आणून वसवलेल्या अरबांना सांगू लागले, भरपाई घ्या आणि आल्या वाटेने परत जा. त्यांची मुलं तिथेच जन्मलेली. ती परत कुठे जाणार? त्यात तिथले पिढ्यान् पिढ्यांचे अरबही या आणलेल्या अरबांना आपलं मानत नसत. माझ्या वेटिंग रूममध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दोन अरब, दोघांचे गुडघे खराब, शेजारी खुर्च्या, आणि दोन तासांत एकमेकांना सलामसुद्धा नाही.

अबू खालिद आणि उम्म खालिद हे आणलेल्यांपैकी. तो शाळामास्तर. सरकारने सांगितलं म्हणून तरुणपणी बायकोला घेऊन दक्षिणेतल्या गावातून किर्कुकला आला आणि आयुष्यभर तिथे मुलांना भूगोल शिकवला. उंच, ताठ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. तिच्या हृदयाची झडप आकसली होती. चार पावलं टाकली की धाप लागायची, रात्री उशांना टेकून बसल्याबसल्या झोपायची. तरी गप्पांना खंड नाही. माझं किर्कुकचं नाव निघाल्यावर तर ती मला सोडेचना. कुठल्या गल्लीत राहायचीस, कबाब कुठला खायचीस, कालव्याजवळची ती तुर्कमान दाई आठवते का.

मुलांविषयी ती एका दमात बोलायची, म्हणजे तिच्या दोन दमांत. थोरला खालिद नगरपालिकेत नोकरीला. त्याचं म्हणणं, कुर्दांशी जुळवून घ्या, कौन्सिलात बसा, मिळेल ते घ्या. धाकटा यासीन त्याच्या उलट. त्याच्या मते कौन्सिलात बसलेले अरब विकले गेलेत, बगदादचं सरकार आपल्याला विसरलंय आणि कुर्द आपल्याला पाहुणे समजतात. तो चौकात निदर्शनांना जायचा. दोघं भाऊ एका ताटात जेवत, पण टीव्ही लागला की एक उठून जायचा. "आणि यांचं काय?" मी नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं. ती म्हणाली, "हे भूगोल शिकवतात. नकाशा बदलला की गप्प बसतात."

यासीन तिचा जीव की प्राण. तो लहान असताना पहिल्या मोठ्या लढाईत घराजवळ बॉम्ब पडला, तेव्हापासून त्याचा पहिला शब्द अडकायचा. एकदा सुटला की पुढे गाडी धडधडत जायची. फोनवर तो आधी गप्पच असतो, असं ती सांगायची. मग "यु... यु..." आणि मग "युम्मा." युम्मा म्हणजे आई. "तेवढ्यात माझे दोन-तीन मणी होतात," असं म्हणून ती हातातली जपमाळ दाखवून हसली. तिच्या हसण्याला खोकल्याची जोड असायची.

सगळ्या तपासण्या झाल्या. सर्जन म्हणाले, झडप बदलायलाच हवी, आणि लवकर. फुप्फुसात पाणी साठतंय, अशा स्थितीत विमानात बसवून परतही पाठवता येणार नाही. मी एकेक शब्द तिला सांगितला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "यासीनचा आवाज ऐकल्याशिवाय मी छाती उघडू देणार नाही."

नवरा म्हणाला, अगं तो कामासाठी लांब गेलाय, तिथे फोन लागत नाही. ती म्हणाली, "लागेल तेव्हा करू ऑपरेशन." सर्जननी मला विचारलं, ह्यांना धोका कळलाय ना. मी विचारलं. तिने सांगितलं, "डॉक्टरला सांग, मला सगळं कळलंय. त्यालाच आई असणं काय ते कळत नाहीये." मी तेही सांगितलं. नियम म्हणजे नियम.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अबू खालिदने मला गाठलं. यासीनला पंधरवड्यापूर्वी निदर्शनातून उचललं होतं. कुर्द सुरक्षेची माणसं होती, असं शेजारी म्हणाले. कुठे ठेवलंय, पत्ता नाही. थोरल्याने कौन्सिलातल्या सगळ्यांचे उंबरे झिजवले. अरब पुढारी म्हणाले, आमचं चालत नाही. बगदादचा माणूस म्हणाला, अर्ज द्या. "तिला सांगू नका," तो म्हणाला. मी माझं ठरलेलं वाक्य बोलणार होते, पण त्याच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती. ती तशी मी कधी पाहिली नव्हती. मी बरं म्हटलं.

हिराबायच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर किर्कुकचाच एक कुर्द राहत होता, काक आझाद. काक म्हणजे त्यांच्यात दादा. म्हाताऱ्या वडलांच्या केमोसाठी तो बायकोला घेऊन आला होता. गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान. अबू खालिद पहिल्या मजल्यावर. जिन्यात समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे बघत. काक आझादचा चुलतभाऊ तिकडे सुरक्षा खात्यात मोठ्या जागेवर आहे हे बिल्डिंगीत सगळ्यांना माहीत होतं, अबू खालिदलाही. पण कुर्दाकडे शब्द टाकायचा म्हणजे त्या माणसाला मरण होतं.

मार्चमध्ये कुर्दांचं नवीन वर्ष येतं. काक आझादने बाल्कनीत त्यांचा झेंडा लावला. खालून अबू खालिद ओरडला, वरून तो ओरडला. मला हिराबायचा फोन आला. "सिस्टर, लवकर या. दोगं काय बोलतात कलत नाय, पन मारामारी होईल."

मी गेले तर तिने दोघांना खाली आपल्या ओटीवर बसवलेलं होतं, चहा टाकला होता. मला म्हणाली, "सांगा त्यांना. माज्या बिल्डिंगीवर फकस्त कपडे सुकतात. झेंडा कुनाचाच नाय. आमच्या पोरांचा पन लावू देत नाय मी." मी सांगितलं. काक आझादला हसू आलं, म्हणाला, उतरवतो. मला वाटलं, मिटलं.

काक आझादने चहा प्यायला. मी प्यायले. अबू खालिदने कप उचलला, आपल्यापुढे फरशीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.

हिराबायने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, "निवला वाटतं," म्हणत कप घेऊन गेली, चहा पातेल्यात ओतून पुन्हा उकळून घेऊन आली. अबू खालिदने पुन्हा कप खाली ठेवला. आता तिचा चेहरा बदलला. "माज्या घरचा चालत नाय का त्याला?" तिने मला विचारलं. आगरी बाईच्या घरी चहा न घेता उठणं म्हणजे काय, ते पनवेलात कुणाला सांगायला नको. ती पुन्हा कपाकडे हात नेते न नेते तोच मला एकदम किर्कुक आठवलं. वॉर्डातल्या एका बाईच्या घरी मी हे पाहिलं होतं. मी हिराबायचा हात धरला आणि म्हटलं, उचलू नका.

अरब टोळ्यांत रीत आहे. ज्याला मोठं मागणं मागायचंय तो यजमानाच्या घरी जातो, पुढे आलेला कप खाली ठेवतो आणि पीत नाही. यजमान विचारतो, काय काम आहे. मग पाहुणा बोलतो. काम करणार असेल तर यजमान म्हणतो, "पी." पाहुणा प्याला म्हणजे शब्द दिला गेला. न पिताच पाहुणा उठला तर घराची अब्रू गेली. जन्मभर अरबांच्या शेजारी राहिलेल्या काक आझादला ही रीत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. तो कपाकडे बघतच नव्हता.

"हे घर माझं नाही," तो अरबीत म्हणाला. "मी इथे भाडेकरू आहे. माझ्यापुढे कप ठेवू नकोस."

अबू खालिद म्हणाला, "मग घर ज्यांचं आहे त्यांना सांग, उम्म मेघना." आणि मग सरळ बसून, वर्गात धडा सांगावा तसं त्याने सगळं सांगितलं. यासीन, निदर्शनं, उचलून नेणं, बायकोची झडप. मी हिराबायसाठी मराठी करत गेले. मध्ये एकदा मी मागे पडले, तर तो थांबला आणि म्हणाला, सावकाश.

काक आझादने आपला रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तुझ्या सरकारनं माझ्या भावाला नेलं, तेव्हा तू किर्कुकमध्ये होतास. आम्हाला लॉरीत घालून बाहेर काढलं तेव्हाही होतास. आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवत होतास. माझा भाऊ परत आला नाही. आम्ही कप कुणापुढे ठेवायचा होता?"

हेही मी हिराबायला सांगितलं. अबू खालिद मान खाली घालून म्हणाला, "मी होतो. मी विचारलं नाही, कारण विचारायची भीती वाटायची." मग तो उठला. कप तसाच राहिला. काक आझादही वर गेला.

हिराबाय त्या कपाकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "म्हंजे सरकारनं ह्याला त्याच्या जागंवर बसवला."

म्हटलं, हो.

"आनि आता ह्याला उठ म्हनतात."

हो.

"हा आमचा प्लॉट हाय ना सिस्टर, हा पन आमच्या शेताचा नाय. आमची जमीन घेतली तिकडं, प्लॉट दिला इकडं, धाकल्या पाड्यावाल्यांच्या शेतावर. अजून त्यांची म्हातारी रस्त्यात भेटली तर माज्याशी बोलत नाय." तिने बोटाने कप दाखवला. "पन त्यात त्या आयचा काय गुन्हा? आनि तो कप माज्या घरात रायलाय. माजी अब्रू गेली ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. नवीन लुगडं नेसली होती. काक आझादच्या बायकोने त्यांच्या त्या बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यांत काळा चहा दिला. हिराबायने पेला उचलला, खाली ठेवला आणि चष्मा सारखा करून बसली. 

काक आझादने माझ्याकडे पाहिलं. "हिला सांगा, ही तुमची रीत नाही."

मी सांगितलं. ती म्हणाली, "रीत कालच शिकले. आनि हे घर माजं असलं तरी बिऱ्हाड त्यांचं हाय, च्या त्यांच्या बायकोनं केलाय. आता त्यांनी सांगावं, मी पिऊ का उठू."

"बाईंना म्हणावं, माझ्या हातात काही नाही. फार तर एक फोन करीन."

"मंग करा. मी बसलेय. मला घाई नाय, आज मासलीवाली पन यायची नाय."

आतल्या खोलीतून त्याच्या म्हाताऱ्या वडलांनी कुर्दीत काहीतरी म्हटलं. मला ती भाषा येत नाही. काय म्हणाले ते आजही ठाऊक नाही, पण काक आझादने तोंडावरून हात फिरवला, मोबाइल काढला, बाल्कनीत गेला, बराच वेळ बोलला. परत येऊन हिराबायला म्हणाला, "इश्रबी." म्हणजे पी. हा शब्द मी भाषांतरित करायच्या आतच तिने पेला तोंडाला लावला. "दूध नाय घातला," एवढंच जिन्यात म्हणाली.

तीन-चार दिवस गेले. उम्म खालिदची धाप वाढली, ऑक्सिजन लावावा लागला. सर्जन मला रोज विचारत, आणि मी रोज तेच उत्तर घेऊन जाई. मग एका दुपारी काक आझाद हॉस्पिटलात आला, अबू खालिदशी न बोलता सरळ तिच्या कॉटपाशी गेला. हातात मोबाइल होता. म्हणाला, "खाला, तुझा मुलगा." खाला म्हणजे मावशी. आणि स्पीकर लावला.

तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. दुसऱ्या हाताची बोटं जपमाळेवर गेली.

"युम्मा," तिकडून आवाज आला. "मी बरा आहे. इथे जेवायला मिळतं. कुणी मारत नाही. तू ऑपरेशन करून घे, युम्मा. मी येईन."

माळेचा एकही मणी सरकला नव्हता. ती फोनकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं, बाळा. अल्ला तुझं रक्षण करो. तुझी आई ऑपरेशन करून घेते." फोन बंद झाला. तिने मला सांगितलं, डॉक्टरला म्हण, मी तयार आहे. संमतीपत्रावर तिने सही केली, खाली दुभाषी म्हणून मी केली.

कॉरिडॉरमध्ये अबू खालिद भिंतीला टेकून उभा होता. मला म्हणाला, "तू ऐकलंस. तुला कळलं." मी मान हलवली. "तिला सांगू नकोस. ती तयार झाली आहे."

मी प्री-ऑपरेटिव्हची तयारी सांगायला आत गेले. कधीपासून उपाशी राहायचं, बांगड्या काढायच्या, असलं सगळं. तिने ऐकून घेतलं. मग माझा हात धरून जवळ ओढलं. "तो यासीन नव्हता," ती म्हणाली. "त्यांना सांगू नकोस. त्यांनी माझ्यासाठी कुर्दापुढे कप ठेवला. त्यानंतरही मी नाही म्हटलं तर त्यांनी कुठं जायचं?"

तीस-पस्तीस वर्षांच्या माझ्या नोकरीत, आधी नर्स आणि मग दुभाषी, मी माणसांमध्ये शब्द नेण्याचंच काम केलं. त्या दिवशी एका दाराच्या आत एक आणि बाहेर एक, दोघांनी एकच गोष्ट माझ्याजवळ ठेवली आणि मी ती कुणालाच पोचवली नाही. मला अजूनही वाटतं, तेच माझं सगळ्यात नीट झालेलं काम.

काक आझाद लिफ्टपाशी होता. मला चीड आली होती. मी विचारलं, कोण होता तो? म्हणाला, "चुलतभावाच्या ऑफिसातला एक मुलगा. अरब आहे. यासीन अजून सापडला नाही. शोधताहेत, खरंच शोधताहेत. पण ती तोवर राहिली नसती." मग म्हणाला, "माझी आई भावाची वाट बघत दारात बसल्या बसल्याच गेली. तिला कुणी खोटा आवाजसुद्धा ऐकवला नाही, उम्म मेघना." माझी चीड कुठल्या कुठे गेली.

ऑपरेशन झालं, झडप बसली. ती सावकाश चालायला लागली. जायच्या दिवशी हिराबायने तिला हिरव्या बांगड्या भरल्या आणि सुक्या बोंबलांची पुडी दिली. त्या पुडीने विमानात किती वास मारला असेल देव जाणे. अबू खालिदने जिन्यात काक आझादपुढे छातीवर हात ठेवला. काक आझादनेही ठेवला. 

पुढे काही वर्षांनी तिकडे पुन्हा लढाई पेटली, नकाशा पुन्हा बदलला आणि माझ्याकडचे किर्कुकचे नंबर एकेक करून लागेनासे झाले. काक आझादचाही. पेशंट येणं कमी झालं, माझे गुडघेही थकले, मी काम सोडलं. त्या सगळ्यांनी शेवटी कुणाची बाजू घेतली, कोण गाव सोडून गेलं, कोण राहिलं, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, असं रात्री कधी वाटतं.

पण त्या लढाईच्या आधी, ते परत गेल्याच्या पावसाळ्यात, एकदा फोन लागला होता. मी हिराबायच्या ओटीवर लसूण सोलत बसले होते. अबू खालिद होता. बायकोची तब्येत, औषधांची नावं, थोरल्याची नोकरी, सगळं रीतसर सांगितलं. मग म्हणाला, थांब, एकजण बोलणार आहे.

तिकडे कुणीच बोलेना. मला वाटलं, लाइन गेली. मी हॅलो हॅलो करणार, एवढ्यात आवाज आला.

"ख... ख... ख..."

मी हातातला लसूण खाली ठेवला आणि थांबले. उम्म खालिद जवळच असणार, आणि तिचे दोन-तीन मणी सरकले असणार.

"खाला," तो म्हणाला, आणि मग सुटला तो थांबेचना. मला एक शब्द धड कळत नव्हता, कारण मी रडत होते.

हिराबाय आतून धावत आली. "काय झाला? कोन गेला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "यासीन बोलला. उम्म खालिदचा मुलगा. फोनवर बोलला."

हिराबायने माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि लसणाची परात आपल्याकडे ओढून घेतली.

"इतकं रडायला काय झालं?" ती म्हणाली. "तेवा पन बोल्ला होता ना."